शर्यतीचा छकडा : घडण, फेरफार व शब्दसंपत्ती
(उजनी धरणाकाठच्या गावांच्या संदर्भात)

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड व कर्जत या तालुक्यांतील नदीकाठची जमीन त्याच्या जलाशयाखाली गेली. काठची गावे वर सरकली. केत्तूर, कुगाव, चिखलठाण, कंदर ही नावे कायम राहिली. पण नदीकाठच्या काळ्या रानात जाणाऱ्या गाडीवाटा नाहीशा झाल्या. या जलाशयाची क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून तीतील निम्म्याहून अधिक भाग मृत साठ्याचा आहे. त्यामुळे उन्हाळ्यात वर्तमानपत्रे धरण 'उणे' इतके टक्के भरले असल्याचे छापतात. भरण्याचे माप उणे असावे, हा एक भाषिक चमत्कारच म्हटला पाहिजे. पाणी असे ओसरले, की पळसदेवाच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते, गाळपेरीची जमीन उघडी पडते आणि चैत्र-वैशाखातील यात्रांबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींचे दिवसही येतात.

या शर्यतींविषयी बोलताना बहुधा बैलांचेच वर्णन होते. खिलार जातीची कीर्ती, सांगोल्याचा बाजार, खोंडाची किंमत यांवर पुष्कळ बोलले जाते. ज्या वाहनाला ते बैल जुंपलेले असतात त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः रस्ता सोडून माळावर धावण्यासाठी मुद्दाम बदललेले वाहन या दृष्टीने शर्यतीचा छकडा हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे; आणि भाषेच्या अभ्यासकाला तो विशेष उपयोगी आहे. वाहनाचा एखादा भाग काढला किंवा बदलला असता त्या भागाच्या नावाचे काय होते, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

प्रथम मूळ गाडी ध्यानात घेतली पाहिजे. देशावरील जुन्या ओझ्याच्या गाडीचे चाक बाभळीच्या लाकडाचे असे. मध्यभागी तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांभोवती लोखंडी धाव, अशी त्याची रचना असे. एका पुठ्ठ्यात साधारणतः दोन आरे येत. म्हणजे सहा पुठ्ठे असतील तर आरे बारा. धाव चढवणे हे सुतार व लोहार या दोघांचे मिळून काम. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करीत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवीत. प्रसरण पावलेली धाव पुठ्ठ्यांवर बसवून तिच्यावर पाणी ओतीत. आकसताना ती सर्व सांधे आवळून घेई. चाकात एकही खिळा नसताना ते वर्षानुवर्षे टिके, याचे कारण हेच. तुंब्यातून आख जाई. चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाशी जी खीळ बसवीत तिला कुणी म्हणत. कैकेयीने दशरथाच्या रथाला या खिळीच्या जागी आपले बोट दिले, ही कीर्तनातून सर्वांच्या परिचयाची कथा आहे. आखावर साटी, साटीतून पुढे गेलेली दांडी, दांडीच्या शेवटी जू, जुवाच्या दोन्ही टोकांना शिवळा आणि शिवळांना अडकवून बैलांच्या गळ्याखालून घेतलेल्या जुपण्या, एवढ्यात गाडी पुरी होई.

यातील बरेच शब्द फार जुने आहेत. चाक म्हणजे चक्र, जू म्हणजे युग, आरा म्हणजे अर, तुंबा म्हणजे तुंब, अर्थात भोपळा. तुंब्याचा फुगीर आकार पाहिला म्हणजे या नावाचे कारण निराळे सांगावे लागत नाही. 'आख' या शब्दाचा विचार थोडा अधिक केला पाहिजे. संस्कृत 'अक्ष' या एकाच शब्दापासून मराठीत आख व आस अशी दोन रूपे आली आहेत. 'क्ष' या जोडाक्षराचे मराठीत दोन मार्गांनी परिवर्तन झाले. एका मार्गाने त्याचा 'ख' झाला. पक्ष-पाख, लक्ष-लाख, भिक्षा-भीक ही त्याची उदाहरणे होत (शेवटच्या शब्दात महाप्राणही गळाला आहे). दुसऱ्या मार्गाने 'छ'च्या पायरीवरून 'स' किंवा 'श' झाला; क्षेत्र-शेत, मक्षिका-माशी, कुक्षि-कूस, इक्षु-ऊस ही त्याची उदाहरणे. झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठीविषयक ग्रंथात या दुहेरी परिणतीची चर्चा आहे, आणि तो ग्रंथ १९४१ पासून वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या अनुवादामुळे मराठीतही उपलब्ध आहे. परंतु एकाच वस्तूच्या नावात दोन्ही परिणती जिवंत राहिल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते. गाडीचा आख आणि पृथ्वीचा आस, अशी अर्थाची वाटणी शिष्ट भाषेने पुढे करून घेतली. गाडीवानाला तिची गरज नव्हती.

आता शर्यतीकडे वळावयास हरकत नाही. महाराष्ट्रात शर्यतीचे प्रकार प्रदेशपरत्वे भिन्न आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात 'घाट' बांधलेला असतो, तेथे चार बैल व पुढे घोडी अशी रीत असून धावेला 'बारी' म्हणतात. विदर्भात 'शंकरपट' हे नाव रूढ आहे. सातारा, सांगली, सोलापूर या बाजूंस दोन बैलांचा छकडा सपाट पट्ट्यात पळतो, एका गटात अनेक छकडे असतात, आणि आदत, दुसा, चौसा अशी बैलांची वर्गवारी दातांवरून केली जाते. छकडा या शब्दाचा संबंध 'शकट' या शब्दाशी प्राकृत रूपांच्या मार्गाने जोडतात. मोल्सवर्थच्या काळापासून त्याचा अर्थ हलकी, लहान गाडी एवढाच होता. शर्यतीने त्याला विशेष अर्थ दिला; आज सोलापूर-साताऱ्याकडे छकडा म्हटले, की शर्यतीचेच वाहन डोळ्यांपुढे येते.

छकडा तयार करणे याचा पहिला अर्थ गाडीतून काय काय काढता येईल ते काढणे असा होतो. साटी जाते, कारण वाहावयास ओझे नाही. तिच्या कडेचे खुंट जातात. राहते ती एक अरुंद चौकट आणि हाकणाऱ्यास पाय रोवण्यापुरती जागा. चौकट कोठे लाकडी, कोठे लोखंडी नळीची असते. येथवर सर्वांनाच कळते. खरी कसोटी चाकात आहे. गाडीचे वजन कमी करावयाचे तर ते कोठून कमी केले याला महत्त्व असते, आणि हे तत्त्व गावचा अनुभवी कारागीर पुस्तकावाचून जाणतो. चौकटीतील एक शेर वजनाला फक्त पुढे न्यावे लागते. चाकाच्या परिघावरील एक शेर वजनाला पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. परिघावरच्या वस्तूची फिरण्याची गतिज ऊर्जा तिच्या पुढे जाण्याच्या ऊर्जेइतकीच असते. म्हणून ज्या शर्यतीचा निकाल सुटण्याच्या पहिल्या काही क्षणांत लागू शकतो तेथे धावेतून काढलेला एक शेर चौकटीतून काढलेल्या दोन शेरांबरोबर होतो. धाव पातळ करावी, पुठ्ठे सडपातळ ठेवावे, ही दृष्टी येथून आली आहे. परंतु यालाही मर्यादा आहे. पातळ व अरुंद धाव भुसभुशीत मातीत रुतते; चाक लहान केले तर ते हलके होते खरे, पण खळग्यातून वर येताना मोठ्या चाकापेक्षा अधिक अडखळते. काळ्या रानात जे चाक फसेल तेच मुरमाच्या माळावर उत्तम चालते. तेव्हा अमुक छकडा चांगला असे म्हणण्यास फारसा अर्थ नाही. तो कोणत्या जमिनीवर, हे त्यापुढे जोडले पाहिजे.

दुसरा फेरफार तुंब्यात होतो. पूर्वी तुंब्यातील पोलादी नळी लोखंडी आखावर घासत फिरे, आणि घर्षण कमी करण्यासाठी वंगण घालीत. आता तेथे बेअरिंग बसवतात. बेअरिंग आल्यावर चाक आखाला पेचाने आवळले जाते आणि कुणीची आवश्यकता राहत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न तोलाचा आहे, आणि बैलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तोच. दोन चाकांची गाडी ही आखावर टेकलेली तराजूची दांडी होय. भार आखाच्या मागे गेला म्हणजे पुढचे टोक वर उचलले जाते. गाडी 'उलाळ' होते, आणि जू वर चढून जुपण्या बैलाच्या गळ्याला आवळतात. भार पुढे आला तर तो सर्व मानेवर पडतो. घासून खांदा सुजतो, कातडे जाते आणि पशुवैद्य जिला खांदेसूज म्हणतात ती व्याधी जडते. ओझ्याच्या गाडीत हा तोल भरतानाच साधावा लागे, आणि एकदा साधला की साधला. छकड्यात तो क्षणोक्षणी बदलतो, कारण तेथे हाकणारा मनुष्य हाच मुख्य भार आहे. बैल सुटताच त्याचे अंग मागे जाते, त्याबरोबर छकडा उलाळ होऊ पाहतो, आणि म्हणून त्याने आधीच पुढे वाकून असावे लागते. आखाची जागा चौकटीत बोटभर पुढे किंवा मागे घेणे हा फेरफार बाहेरून दिसत नाही. परंतु बैलाच्या मानेला तो प्रथम कळतो. गाडी हलकी केली म्हणजे जनावराचे कष्ट आपोआप कमी झाले, असे जे सांगण्यात येते ते अर्धेच खरे आहे. तोल चुकलेला हलका छकडा वेगात असताना तोल साधलेल्या जड गाडीहून अधिक इजा करू शकतो.

या प्रश्नाला कायद्याची बाजूही आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली व नियम तयार केले. पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. नियमांनी चाबूक, काठी व विजेचा धक्का निषिद्ध केला आहे. धावेचे अंतरही मर्यादित केले आहे. या निषेधाचा भाषेवरील एक परिणाम नोंदण्याजोगा आहे. बैल टोचण्याची काठी म्हणजे पराणी, आणि तिच्या टोकाचा खिळा म्हणजे आर. ही 'आर' संस्कृत 'आरा' म्हणजे टोचणी या शब्दाची वंशज असून चांभाराची आरी तिची सख्खी बहीण आहे. चाकाचा 'आरा' मात्र 'अर'पासून आलेला, म्हणजे दिसावयास जवळचा पण कुळाने वेगळा. पराणीची आर कायद्याने गेली, चाकाचा आरा टायरने नेला. दोन निरनिराळ्या कुळांतले हे शब्द एकाच पिढीत मागे पडत आहेत.

टायरचा उल्लेख आला तेव्हा उसाविषयी बोलणे प्राप्त आहे. धरणामुळे काठच्या तालुक्यांत ऊस वाढला, आणि कारखान्याकडे ऊस नेण्यास धावेच्या गाडीऐवजी रबरी टायरची गाडी आली. एका कंपनीच्या नावावरून तिला डनलॉप गाडी म्हणण्याचीही रीत पडली. पुढे तीच बैलांऐवजी ट्रॅक्टरला जोडली गेली. कारखान्याच्या वजनकाट्यावर बैलगाडी, ट्रॅक्टर याबरोबर 'अंगद' असा जो तिसरा प्रकार ऐकू येतो तो हाच. ज्या वस्तूला कोणी नाव सुचवले नाही तिला लोकांनी रामायणातले नाव द्यावे, हे रोचक आहे. या स्थित्यंतरात लाकडी चाक गेले, धाव चढवणारे गेले, आणि तुंबा, आरे, पुठ्ठे या शब्दांचा व्यवहारातील आधार सुटला. जेथे लाकडी चाकाचा छकडा अजून बांधला जातो तेथे मात्र हे शब्द टिकून आहेत. उलट साटी छकड्याने टाकली, कुणी बेअरिंगने काढली. त्यामुळे शर्यतीच्या भोवऱ्यात वाढलेल्या तरुणाला आरा माहीत असतो, पण कुणी म्हटले तर तो सर्वनामच समजतो. परंपरा जपली जाते असे आपण सरसकट म्हणतो. शब्दांच्या बाबतीत ती भागाभागाने जपली जाते आणि भागाभागाने नष्ट होते.

याच्या उलट घडल्याचे एक उदाहरण 'चाकोरी' या शब्दात सापडते. धावेच्या चाकाने वाटेत पडणारी खोल रेघ ही चाकोरी. गाडीवाटा गेल्या तशी ती वस्तू गेली, आणि 'चाकोरीबद्ध जीवन' या लाक्षणिक प्रयोगापुरता शब्द उरला. सुशिक्षित वाचकास आज त्यातले चाक दिसतही नाही. शर्यतीच्या पट्ट्यात मात्र प्रत्येक छकड्यासाठी वेगळी वाट आखतात, तिला कोठे तास, कोठे चाकोरी म्हणतात, आणि ध्वनिक्षेपकावरून तिचा क्रमांक पुकारला जातो. लक्षणेत विरून गेलेल्या शब्दाला मूळ अर्थ अशा रीतीने परत मिळाला आहे. फरक एवढाच, की पूर्वी चाक चाकोरी पाडीत असे. आता चाकोरी आधी पाडतात आणि चाक नंतर येते.

यंत्रावर चालणाऱ्या वाहनांच्या अशाच स्पर्धांशी तुलना केली असता भाषेतील फरक अधिक स्पष्ट होतो. १९९७ साली मलेशियात सुरू झालेल्या 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात सुरू झाली. तिच्यासाठी जीपगाड्यांत जे फेरफार करतात त्यांमागचे प्रश्न छकड्याहून वेगळे नाहीत : जमिनीची पकड, तोल आणि रुतलेले वाहन बाहेर काढणे. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना समान जोर मिळतो; एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले, की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून दोन्ही चाके एकत्र बांधणारा लॉकर बसवतात. टायरमधील हवा कमी केली म्हणजे टायर जमिनीवर अधिक पसरतो व कमी रुततो; अरुंद धावेच्या प्रश्नाचेच हे दुसरे उत्तर होय. इंजिनाने हवा घेण्याचे तोंड छपरापर्यंत उंच नेतात, कारण सिलिंडरात पाणी शिरले तर ते दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. पुढे विंच असते; तिचा दोर झाडाला बांधलेल्या कप्पीतून परत गाडीकडे आणला, की ओढ जवळजवळ दुप्पट होते, मात्र गती निम्मी होते.

कायदा येथेही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलापासून फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध स्पष्ट शब्दांत सांगितला. म्हणून स्पर्धेसाठी पुरती बदललेली जीप ट्रकवर लादून न्यावी लागते. छकडा व बैलही टेम्पोतूनच जातात. रस्त्याबाहेर धावण्यासाठी बनलेली दोन्ही वाहने रस्त्यावर स्वतः वाहिली जातात, हा योगायोग गंमतीचा आहे.

भाषा मात्र येथे निराळ्या रीतीने वागते. जीपच्या नव्या भागांची नावे इंग्रजीतून जशीच्या तशी आली : लॉकर, विंच, स्नॉर्केल, बेअरिंग, टायर. क्रियापदे मराठीच राहिली : लॉक मारणे, हवा सोडणे, बेअरिंग बसवणे, गाडी रुतणे, फसणे, खचणे. रुतणे, फसणे व खचणे यांत जो भेद आहे (चिखल धरून ठेवतो, वाट चुकवते, जमीनच खाली जाते) तो एका इंग्रजी शब्दात सहज मावत नाही. आणि जमिनीशी संबंध असलेल्या या शब्दांना बदलण्याचे कारणही पडलेले नाही. चिखलठाण नावाचे गाव ज्या काठावर वसले आहे तेथील भाषेला चिखलासाठी शब्द उसना घ्यावा लागणार नाही, हे उघड आहे. नामांतही काही अपवाद आहेत. मोटारीच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगला कारागीर पाटे म्हणतात, ट्रकच्या मालाच्या जागेला हौदा, मागच्या झडपेला फाळका. हे शब्द जुन्या वस्तूंच्या आकारावरून किंवा कामावरून उचललेले आहेत. यावरून असे दिसते, की नवा भाग जुन्या भागासारखा दिसत असेल तर मराठी कारागीर आपला शब्द पुढे करतो. अंतर्भागात दडलेल्या, न दिसणाऱ्या भागाला तो परका शब्द तसाच राहू देतो. आख उघडा होता तोवर आख होता. मोटारीत तो नळकांड्यात झाकला गेला आणि ॲक्सल झाला.

या शब्दांच्या संग्रहाची रीतही वस्तूवर अवलंबून राहील. ग्रिअर्सन यांनी १८८५ च्या 'बिहार पेझंट लाइफ' या ग्रंथात शेतकऱ्याच्या गाडीचा एकेक भाग वेगळा करून, चित्रे देऊन त्याची स्थानिक नावे नोंदवली. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने गाड्याचे रूपक मथळ्यालाच घेतले. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२-३८) गाडीचे शब्द वर्णक्रमाने विखुरलेले आहेत. वर्णक्रमाच्या कोशाने अर्थ मिळतो, पण कोणता भाग कशात बसतो हे कळत नाही. आणि तोलासारखी गोष्ट, जिचे नाव एखाद्या भागाचे नसून सर्व भागांच्या संबंधाचे असते, ती तर त्यात हरवतेच. 'उलाळ' हा शब्द विचारावयाचा झाल्यास माहीतगाराला छकड्यावर उभे करून एक पाऊल मागे सरकावयास सांगावे. तो शब्द तेव्हा आपोआप निघतो, आणि त्याबरोबर 'दाब', 'ओढ', 'मान धरणे' असे आणखी दोन-चार शब्द येतात, जे प्रश्नावलीत नसतात. हे काम यात्रांच्या हंगामातच करावे लागेल. पाऊस सुरू झाला, की छकड्याची चाके काढून चौकट गोठ्याच्या आढ्याला टांगतात, आणि गाळपेरीची जमीन पुन्हा पाण्याखाली जाते.